डी अँझा कॉलेजात नेमकं कोण शिकतं? (कम्युनिटी कॉलेज, आकडे आणि आपली मुलं)

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

कॉलेज प्रवेशाच्या धाग्यावर गेल्या आठवड्यात डी अँझाबद्दल दोन विधानं आली. (डी अँझा म्हणजे कॅलिफोर्नियात कुपर्टिनोला असलेलं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज.) एक, "डी अँझा म्हणजे कुपर्टिनोच्या पैसेवाल्या आशियाई मुलांचं कॉलेज." दुसरं, "कुठेच प्रवेश मिळाला नाही की मुलं तिथे जातात." दोन्हींवर पुढे बरीच चर्चा झाली, पण तिथे कोण शिकतं हे कुणी पाहिलंच नाही. तो धागा भरकटू नये म्हणून हा वेगळा काढते आहे.

मी साउथ बेमधल्या (सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिणेकडचा भाग) दुसऱ्या एका कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ संख्याशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना खरे आकडे हाताळायला लावायचे म्हणून त्यांना कॅलिफोर्नियाच्या चॅन्सेलर ऑफिसचा (सगळ्या कम्युनिटी कॉलेजांचं मुख्य कार्यालय) डेटा मार्ट उघडायला सांगते. राज्यातल्या प्रत्येक कॉलेजात किती विद्यार्थी, कोणत्या वयाचे, कोणत्या वंशाचे, पूर्णवेळ किती, अर्धवेळ किती, हे सगळं तिथे कुणालाही बघता येतं.

आधी दुसऱ्या विधानाबद्दल. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनने उच्च शिक्षणाची तीन दारं ठरवली. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), वरच्या एक-तृतीयांशासाठी कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), आणि शिकून ज्याचा फायदा होईल अशा कुणालाही कम्युनिटी कॉलेज. म्हणजे प्रवेश नाकारायचा नाही हाच इथला पाया. आज अशी ११६ कॉलेजं आहेत आणि उच्च शिक्षणाची एवढी मोठी व्यवस्था देशात दुसरी नाही. कॅल स्टेटच्या पदवीधरांपैकी सुमारे निम्मे आणि यूसीच्या पदवीधरांपैकी चारात एकाहून जास्त जण कधी ना कधी या कॉलेजांतून गेलेले असतात. त्यांना "कुठेच प्रवेश न मिळालेले" म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आता पहिलं विधान. डी अँझा १९६७ साली सुरू झालं. जोडीचं फूटहिल त्याच्या आधीचं, दोन्ही एकाच डिस्ट्रिक्टची. कोविडआधी डी अँझात एका क्वार्टरला (साधारण तीन महिन्यांचं सत्र) वीस हजारांच्या आसपास विद्यार्थी असत, नंतर ते घटले. वंशाच्या रकान्यात आशियाई सगळ्यांत मोठे, साधारण चाळीस टक्के. लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाचे) पाव हिस्सा किंवा थोडे जास्त, गोरे पाचव्या हिश्शाहून कमी, आफ्रिकन-अमेरिकन अगदी थोडे. फिलिपिनो विद्यार्थ्यांचा या आकडेवारीत वेगळा रकाना असतो, ते आशियाईत धरलेले नसतात. राज्यभरात लॅटिनो जवळजवळ निम्मे असल्यामुळे डी अँझाचं चित्र राज्यापेक्षा वेगळं दिसतं, हे खरं.

पण "आशियाई" हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांसमोर चटकन ॲपलच्या ऑफिसजवळचं घर आणि सॅट या प्रवेश परीक्षेचे क्लास येतात. कुपर्टिनोची वस्ती ६० हजारांच्या घरात, त्यात दोन-तृतीयांशाहून जास्त आशियाई, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. मात्र डी अँझाच्या विद्यार्थ्यांपैकी सर्वांत मोठा गट सॅन होजेचा आहे. सॅन होजेत व्हिएतनामी लोकांचीच वस्ती लाखाच्या वर आहे. त्यातल्या कितीतरी घरांत आईवडील नेल सलूनमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या असेंब्ली लाइनवर कामाला असतात आणि कॉलेजची पायरी चढणारं ते मूल घरातलं पहिलंच असतं. व्हीटीए या इथल्या सरकारी बससेवेची २३ नंबरची बस पूर्वेच्या आलम रॉकहून निघते, सगळं सॅन होजे ओलांडून स्टीव्हन्स क्रीक रस्त्याने येते आणि डी अँझाला संपते. सकाळी त्या बसमध्ये बसून बघा. वंशाच्या तक्त्यात ज्यांना एकाच रकान्यात टाकलंय त्यांच्यात किती अंतर आहे ते दिसेल.

बाकीचं उद्या लिहिते. तोवर ज्यांना स्वतःचा अनुभव आहे त्यांनी जरूर लिहा.

जाईजुई | मंगळवार, रात्री ९:५२

फार गरजेचा धागा, ताई. वाचनखूण साठवली.

माझी मुलगी अकरावीत आहे, सनीवेलला. शाळेत हवा तो गणिताचा वर्ग मिळाला नाही म्हणून या क्वार्टरला तिने फूटहिलमधून कॅल्क्युलस घेतलंय, ऑनलाइन. ती या आकड्यांत धरली जाते का? धरली जात असेल तर आमच्या गल्लीतली निम्मी मुलं "कम्युनिटी कॉलेजची विद्यार्थी" ठरतील, आणि त्यांच्याच घरी या कॉलेजांना नावं ठेवताना मी ऐकलंय.

निखारा | मंगळवार, रात्री १०:३०

आकडे दिल्याबद्दल आभार, पण मुळातच माझा एक आक्षेप आहे. प्रवेश सगळ्यांना आहे ना? मग अर्जात वंश विचारायचाच कशाला? मला तरी हा निधी मिळवण्यासाठी चाललेला खेळ वाटतो. आणि शेवटी "आशियाई मुलांना मदतीची गरज नाही" असं म्हणायला हेच आकडे वापरले जातात.

तेविसावी_बस | बुधवार, सकाळी ७:०५

या धाग्यासाठी नाव बदलून आलोय :) म्हणजे आयडी नवा, माणूस जुनाच. मी पाच वर्षं वाचनमात्र होतो. आईने हा धागा पाठवला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी त्याच बसने जायचो. वडिलांची नोकरी गेली ते वर्ष माझं बारावीचं. यूसीची दोन पत्रं हातात होती, पण पैसे नव्हते. डी अँझात फी क्वार्टरच्या एका युनिटला (विषयाचं श्रेय मोजायचं माप) ३१ डॉलर. वर्षाला ४५ युनिट धरले तर १३९५ डॉलर, वर थोडी किरकोळ फी आणि पुस्तकं. बसचा पास कॉलेजच्या फीतूनच मिळायचा. आईवडिलांनी हो म्हटलं खरं, पण मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की आई विषय बदलायची. तिचं ते बघून मला जास्त वाईट वाटायचं.

रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये आमचा चौघांचा गट होता. एक व्हिएतनामी ताई, दोन मुलांची आई, नर्सिंगला जाण्यासाठी आधीचे विषय पूर्ण करत होती. एक एल साल्वाडोरच्या कुटुंबातला मुलगा रात्री गोदामात काम करून थेट सकाळच्या लॅबला यायचा. तिसरी इंडोनेशियाची, एफ-१ वर (परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा), माझ्या सहापट-सातपट फी भरणारी. आणि मी. वंशाच्या तक्त्यात आम्ही तीन आशियाई आणि एक लॅटिनो. पण लॅबनंतर अभ्यासाला थांबायला वेळ कुणाकडे असायचा? माझ्याकडे आणि त्या इंडोनेशियन मुलीकडे. त्या ताईंना साडेतीनला मुलांना शाळेतून आणायचं असायचं आणि त्या मुलाला झोपायचं असायचं. गटात दोन बाजू पडायच्या त्या वंशावरून नाही, वेळेवरून पडायच्या.

दोन वर्षांनी टॅगवरून यूसीच्या डेव्हिस कॅम्पसला गेलो. (टॅग म्हणजे ठरलेले विषय आणि ठरलेले गुण मिळवले की यूसीच्या सहापैकी एका कॅम्पसमध्ये प्रवेशाची हमी. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, तिथे नेहमीसारखा अर्ज करावा लागतो.) त्या व्हिएतनामी ताई आता सॅन होजेतच नर्स आहेत. त्या मुलाने मध्येच कॉलेज सोडलं. गटातला सर्वांत हुशार तोच होता. हे मला अजून पचत नाही.

एडिसनकर | बुधवार, सकाळी ८:२०

न्यू जर्सीतून. आमच्या एडिसनमध्ये मिडलसेक्स कॉलेज आहे, १९६० च्या दशकातलं. इथल्या ओक ट्री रोडवर सगळं गुजराती-मराठी-तेलुगू जग, आणि त्याच काउंटीत पर्थ अँबॉय, न्यू ब्रन्स्विक ही लॅटिनोंची मोठी वस्ती असलेली गावं. हे सगळे एकाच कॉलेजात येतात. इकडे एनजे स्टार्स म्हणून योजना आहे. हायस्कूलच्या वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असलात तर काउंटी कॉलेजची (इकडची कम्युनिटी कॉलेजं) ट्यूशन फी माफ. त्यामुळे आपल्याकडची हुशार मुलंही तिकडे जातात आणि पुढे रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात. तरी लग्नाकार्यात "सध्या काय करतो?" विचारलं की पालक "रटगर्सला जाणार आहे" एवढंच सांगतात. तेविसावी_बस, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ८:४५

तेविसावी_बस, तुझा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवावासा वाटतोय. (चालेल ना? नाव अर्थातच घेणार नाही.) तू म्हणतोस तो वेळेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे येतेच.

जाईजुई, हो, तुमची लेक आकड्यात आहे. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घेणारे विद्यार्थी राज्यभर झपाट्याने वाढलेत आणि एकूण संख्येत ते धरले जातात. कुठल्याही कॉलेजची लोकसंख्या वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. वीस वर्षांखालचे वाढलेले दिसतात त्यात अशी मुलंही असतात. ती एकच विषय घेतात, त्यामुळे अर्धवेळ विद्यार्थ्यांचं प्रमाणही त्यांच्यामुळे फुगतं.

निखारा, तुमचा आक्षेप टाळण्यासारखा नाही. कॅलिफोर्नियात १९९६ च्या प्रपोझिशन २०९ पासून सरकारी शिक्षणात वंश बघून प्राधान्य देता येत नाही. त्यामुळे प्रवेशाशी किंवा वर्गातल्या जागेशी या प्रश्नाचा संबंध नाही. निधीशी मात्र होता. पूर्णवेळ धरलेल्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के लॅटिनो असतील तर त्या संस्थेला एक केंद्रीय दर्जा मिळतो. २००७ च्या कायद्याने तसाच दर्जा आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या विद्यार्थ्यांसाठी आणला, तिथे अट १० टक्क्यांची. दोन्हींत आणखी एक अट अशी की मदतीची गरज असलेले गरीब विद्यार्थी पुरेसे असले पाहिजेत. हा दुसरा दर्जा डी अँझाला सुरुवातीच्या काळातच मिळाला. म्हणजे "आशियाई मुलांना मदतीची गरज नाही" या समजाला पहिलं सरकारी उत्तर याच आकड्यांतून मिळालं. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने या दोन्ही प्रकारच्या संस्थांचं ऐच्छिक अनुदान थांबवलं. त्या पैशातून शिकवणीची केंद्रं आणि समुपदेशक चालत होते. मला याचं मनापासून दुःख आहे आणि ते मी लपवणार नाही.

पाऊलखुणा | बुधवार, रात्री १०:१५

रकान्यांवरून थोडा इतिहास, कारण त्यात आपणही आहोत.

१९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाच्या कायद्यापुरते "गोरे" मानायला नकार दिला. पुढे १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत मोजलं. १९८० च्या जनगणनेत "एशियन इंडियन" हा वेगळा पर्याय आला, तोही इथल्या भारतीय संघटनांनी मागणी केल्यावर. म्हणजे पन्नास-साठ वर्षांत आपण न गोरे, मग गोरे, मग आशियाई. माणसं तीच.

१९७७ मध्ये केंद्र सरकारने वंशाच्या नोंदीसाठी जी चौकट ठरवली तीत मनिलाचा, सैगॉनचा आणि साताऱ्याचा माणूस एकाच गटात गेला. मार्च २०२४ मध्ये ती सुधारली. आता मोठ्या गटाखाली चिनी, भारतीय, फिलिपिनो, व्हिएतनामी, कोरियन, जपानी असे पोटगटही विचारायचे आहेत, आणि मध्यपूर्वेतल्या लोकांसाठी स्वतंत्र पर्याय आलाय. हे सगळीकडे लागू व्हायला काही वर्षं जातील. कम्युनिटी कॉलेजच्या अर्जात असे पोटगट आधीपासून आहेत, पण बाहेर येणारे तक्ते बहुतेक वेळा मोठ्या गटांचेच असतात.

हिरवा_चाफा | गुरुवार, सकाळी ११:४०

इथे सगळे मुलांबद्दलच बोलताय म्हणून लिहिते. मी स्वतः विद्यार्थिनी होते, तीही चाळिशीत.

नागपूरहून एच-४ वर (नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) आले तेव्हा काम करायची परवानगी नव्हती. इथे प्रीस्कूलमध्ये शिकवायचं तर बालविकासाचे १२ सेमिस्टर युनिट लागतात. ते कम्युनिटी कॉलेजमध्ये स्वस्तात होतात, हे बागेत भेटणाऱ्या एका तमिळ मैत्रिणीने सांगितलं. २०१५ मध्ये काही एच-४ जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली. तेव्हा माझे युनिट पूर्ण होते, म्हणून लगेच नोकरी धरता आली. आमच्या संध्याकाळच्या वर्गात निम्म्याहून अधिक बायका तिशी-चाळिशीतल्या होत्या. पंजाबी, इराणी, मेक्सिकन, चिनी. आपापल्या देशात कुणी इंजिनीअर, कुणी बँकेत. माझी एम.कॉम. इथे कुणी विचारत नव्हतं. त्या वर्गाने मला घराबाहेर काढलं, आणि पगारापेक्षा मला त्याचं मोल जास्त आहे.

ताई, आम्ही कोणत्या रकान्यात?

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ९:२०

हिरवा_चाफा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून माझे विद्यार्थी नेहमी चकित होतात. तक्ता कुठला बघताय त्यावर ते अवलंबून आहे.

राज्याच्या डेटा मार्टमध्ये तुम्ही "आशियाई". केंद्र सरकारच्या आयपेड्स या नोंदीत मात्र ज्याला कायम राहण्याचा हक्क नाही आणि जो व्हिसावर आहे, तो "नॉनरेसिडेंट". तिथे त्याचा वंश बघतच नाहीत. त्यामुळे जकार्ताहून काल आलेली एफ-१ वरची मुलगी आणि तिसऱ्या वर्षापासून सनीवेलमध्ये वाढलेली, एच-४ वरची मराठी मुलगी तिथे एकाच रकान्यात बसतात.

आता फी बघा. फीसाठी राज्याचा नियम वेगळा. एच-४ वर असलेल्याला कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरता येतं, एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचे आणि इथेच राहण्याच्या इराद्याचे पुरावे दिले की. एफ-१ वाल्यांना ते जमत नाही. म्हणजे आपली ही मुलगी फी भरताना रहिवासी, केंद्राच्या तक्त्यात परकी आणि राज्याच्या तक्त्यात आशियाई. त्यात एकविसाव्या वर्षी एच-४ संपणार ही टांगती तलवार आहेच. डी अँझात परदेशी विद्यार्थी भरपूर आहेत अशी ख्याती आहे आणि ती खरी आहे. पण केंद्राचा तक्ता वाचून कुणी "इतके परदेशी" म्हणालं, तर त्यात आपल्या शेजारची किती मुलं आहेत हे विचारायला हवं.

सातारी_मास्तर | शुक्रवार, सकाळी ६:३०

साताऱ्याहून लिहितो. निवृत्त शिक्षक, अमेरिका पाहिलेली नाही. रात्रपाळी करून लॅबला येणारा तो मुलगा वाचून मन थांबलं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या "कमवा आणि शिका"मध्ये शिकलेल्या पिढीतला मी. आम्हाला काम संस्थेच्याच शेतात, आणि कामाची वेळ शाळेची वेळ बघून ठरायची. तुमच्याकडच्या त्या मुलाचं काम एकीकडे, कॉलेज दुसरीकडे. माझा प्रश्न असा की वंशापलीकडे ही गोष्ट कुणी मोजतं का? कामाचे तास, घरातलं पहिलं शिकणारं मूल, हे?

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री १०:०५

मास्तर, तुम्ही नेमकं तेच विचारलंत ज्यासाठी मी हा धागा काढला.

काही गोष्टी मोजल्या जातात. आईवडिलांचं शिक्षण अर्जातच विचारतात, त्यावरून घरातली पहिली पिढी कोणती ते कळतं. फी माफीसाठी किती जण पात्र ठरले हेही कळतं. पूर्णवेळ-अर्धवेळ तर सरळ आकडा आहे. राज्यभरातले जवळजवळ दोन-तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ आहेत. माझ्या मते या कॉलेजांचं खरं रूप सांगणारा हाच आकडा आहे, वंशाचा तक्ता त्याच्या नंतर. कामाचे तास मात्र नेमाने कुठेच नोंदले जात नाहीत, अधूनमधून सर्वेक्षणं होतात तेवढीच. वर्गात मी पहिल्या आठवड्यात एक कागद फिरवते, नाव न लिहिता आठवड्याचे कामाचे तास लिहायचे. तीस-चाळीस तास लिहिणारे दर वर्गात निघतात. मग गृहपाठ द्यायची मुदत त्याच रात्री बाराऐवजी रविवारी रात्रीपर्यंत ठेवते, विद्यार्थ्यांनी ऑफिसात येऊन भेटायची वेळ एक दिवस संध्याकाळी ठेवते. मला एकटीला एवढंच जमतं.

तेविसावी_बसच्या गटातल्या त्या मुलासारखे विद्यार्थी दर सत्रात दिसतात. गुण चांगले असतात, आठव्या आठवड्यात यायचे थांबतात, आणि कॉलेजच्या तक्त्यात "विषय सोडला" एवढीच नोंद राहते. त्यांनी परत नाव घातलं तर वर्ग वाढल्याचा आकडा दिसतो, मधली दोन वर्षं कुठेच दिसत नाहीत.

निखारा | शुक्रवार, रात्री १०:४०

निधीचा मुद्दा पटला नाही तरी समजला. आयपेड्सचं मात्र डोक्यात घर करून बसलंय. माझा पुतण्या एच-४ वर आहे, पुढच्या वर्षी त्याला जायचंय. रहिवासी ठरवण्यासाठी काय लागतं?

तेविसावी_बस | शुक्रवार, रात्री ११:१५

मी या सगळ्यातून गेलोय. वय १८ च्या आत असेल तर आईवडिलांचे कागद चालतात. राज्याचं कर विवरण, भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स, व्हिसाची प्रत. अर्ज भरतानाच व्हिसाचा प्रकार एच-४ असाच निवडा. चुकून "इतर" टाकलं तर सिस्टिम परस्पर राज्याबाहेरच्यांची फी लावते आणि मग ॲडमिशन ऑफिसात रांग लावून दुरुस्त करून घ्यावं लागतं. काही अडलं तर इथेच विपू (विचारपूस) करा, मी बघतो.

जाईजुई | शनिवार, सकाळी ९:००

ताई, काल रात्री लेकीला पूर्ण धागा वाचायला दिला. तिने विचारलं, तिच्या कॅल्क्युलसच्या ऑनलाइन वर्गात चर्चेच्या पानावर एक काका पहाटे चारला प्रश्न टाकतात, ते कामावरून येऊन टाकत असतील का?

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ९:३५

बहुतेक कामावरून येऊन, नाहीतर कामाला निघण्याआधी. तिला सांगा, उत्तर येत असेल तर शिक्षकांची वाट न बघता तिनेच लिहावं. शिक्षकांचं उत्तर यायला सकाळचे दहा वाजतात, आणि तोवर त्यांची दुसरी पाळी सुरू झालेली असते.